कर्ता

माझ्या ऑफिसच्या जिन्याची तिसरी पायरी वाजते,
म्हणून माणूस दिसण्याआधी मला त्याचं वजन कळतं.
त्या रात्री ती वाजलीच नाही.
मान वर केली तर हेमांगी कासार दारात,
पांढरी साडी, नव्या चपला.
तिच्याबरोबर आत आलेली डिसेंबरची थंडी
ती गेल्यावरही गेली नाही.

"नवरा मेलाय. एवढंच सिद्ध करून द्या."

कसाऱ्याच्या घाटात गाडी जळाली होती.
उरलं ते एका डब्यात मावलं,
विमा कंपनीला ते पुरेना.

बावीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा उजेडात धरून बाद केल्या.
माणसाला उजेडात धरायची सोय नसते.
पाकीट घेतलं.

रामकुंडावर धुकं. दुतोंड्या मारुती
दोन्हीकडे बघत उभा,
जबानी एकाही तोंडाने देत नाही.
गुरुजींनी लाल कापडातली चोपडी सोडली.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; हल्ली यजमानच लिहितात.
कासार, भांडीबाजार, सात पिढ्या.
शेवटची नोंद: मयत विश्राम. कर्ता श्रीधर, मावसभाऊ.
अकरा वर्षं मागे, बापाच्या नोंदीखाली, विश्रामची सही.
दोन्हीकडे 'श्र'चा पाय तसाच मोडलेला.

म्हणजे विश्राम स्वतःच्याच अस्थी घेऊन आला,
ओल्या पायरीवर उकिडवा बसून
स्वतःला पिंड दिला
आणि दक्षिणेवरून घासाघीस केली.
"मावसभाऊ फार रडला हो," गुरुजी म्हणाले.

मग डब्यात कोण होतं?
भट्टीवरचा एक पोऱ्या दिवाळीपासून दिसत नव्हता.
गावाला गेला असेल, सगळे म्हणाले.
कुठल्या, ते कुणी सांगेना.
या पाण्यात अस्थी विरघळतात म्हणतात.
पुराव्याला याहून वाईट जागा नाही.

हेमांगीने ऐकून घेतलं.
"अक्षर मीही ओळखते," म्हणाली.
"ते कुणाला सापडेल का, एवढंच बघायचं होतं.
तुम्हाला सापडलं. म्हणजे पान फाडायला हवं."
टेबलावर दुसरं पाकीट, पहिल्याहून जाड.
नोटा कोऱ्या, नंबर ओळीने.
सवयीने एक दिव्यासमोर धरली.
खरी होती.

पहाटे पुन्हा घाटावर गेलो.
ते पान मी फाडलं नाही. खाली एक ओळ वाढवली:
नाव ठाऊक नाही. गाव ठाऊक नाही.
वय सोळा-सतरा.
"आणि कर्ता?" गुरुजींनी विचारलं.

टाक तिथेच थांबला.
दुसरं पाकीट माझ्या आतल्या खिशात होतं.