पोटातला गोळा

राजीनाम्याच्या पत्रात कारण लिहिलं : वैयक्तिक.
मिस्टर ऑलरॉइडना वाटलं, आजारपण.
त्यांनी आवाज खाली आणला, दार लोटून घेतलं.
गोळाफेक शिकवणार आहे, एवढं म्हणायला
मला सत्तेचाळीस वर्षं लागली, त्यातली हल शहरात एकवीस,
आणि एक अख्खा कप चहा.

एकवीस वर्षं गोठवलेल्या मासळीच्या कंपनीत
मी लोकांचे पगार काढले.
एका पेन्सची चूक नाही.
कुणी कधी येऊन म्हटलं नाही,
सुली, या महिन्याचा पगार काय सुरेख काढलास.
(सुलक्षणा त्यांच्या जिभेला झेपलं नाही.)

आई फोनवर म्हणाली, म्हणजे पी.टी.चे सर?
तिच्या डोळ्यांपुढे शिट्टी, पांढरी पँट
आणि उन्हात उभी केलेली मुलं.
सर नाही, म्हटलं. आणि ऊन तर नाहीच नाही.
पगार किती, ते बाबांनी विचारलं.
मग लाइन खराब झाली.

दोन शनिवार-रविवारचा कोर्स :
रबरी पुतळ्याच्या छातीवर तीस दाब,
मुलांशी कसं बोलावं, कसं बोलू नये,
शेवटी गळ्यात अडकवायला एक ओळखपत्र,
ज्यातल्या फोटोत मी काहीतरी चोरलेलं आहे.

मैदानावर हंबर नदीकडून वारा येतो, आडवा,
मासळीचा वास घेऊन,
जणू ऑफिसच मागोमाग आलंय.
मी आधी वर्तुळ झाडते.
शेवाळ, थोटकं, एकदा तर कुणाची कवळी.
मग तीन मुली येतात. कधी दोन.
केली-ॲन नेहमी येते.

चौदा वर्षांची. खांदे झाकायला
भावाचं जॅकेट घालते, जुलैतसुद्धा.
ते जॅकेट मी ओळखते.
मिरजेत माझी ओढणी होती.
आंतरशालेय, नऊ मीटर एकसष्ट,
आणि बक्षिसाच्या रात्री मावशी हळूच म्हणाली,
आता पुरे हं, दंड भरतात अशाने.
मी ऐकलं. तेव्हा मी सगळ्यांचंच ऐकायचे.

जॅकेट काढ, असं मी म्हणत नाही.
म्हणते, गोळा मानेला लाव. जबड्याखाली. अजून आत.
आमच्या भाषेत याला फेक म्हणतात खरं,
पण फेकायचं नसतं, ढकलायचं असतं,
अडकलेलं दार खांद्याने ढकलावं तसं.
असलं दार, ती म्हणाली, आमच्या घरी आहे.

मे महिन्यात ग्रिम्सबीला स्पर्धा.
मिस, पोटात कसंतरी होतंय.
सांगून टाकलं : आमच्याकडे घाबरलं
की पोटात गोळा येतो.
खरा गोळा? किती किलोचा?
हिशेबनीस मी. विचार करून म्हटलं, तुझा तीन.
नोकरी सोडली त्या दिवशी माझा चार होता.

तिसऱ्या खेपेला तिने जॅकेट माझ्या अंगावर टाकलं,
सरकली, वळली, आणि तो गेला,
असा गेला की पलीकडचा लांब उडीवाला
धावता धावता थांबला.
दहा तरी. दहाच्या पुढेच.

पंचांनी लाल झेंडा वर केला.
बूट फळीवर.
होता. मी पाहिला होता.
इतकी वर्षं लाल पेनाने इतरांच्या चुकांना गोल केले,
आज पहिल्यांदा वाटलं, खाडाखोड करावी.

ती रडली नाही. म्हणाली,
पण जेवढा गेला, तेवढा गेलाच ना?
यावर काय बोलायचं ते कोर्समध्ये नव्हतं.

परतताना गाडीत चिप्स, व्हिनेगर, धुरकटलेल्या काचा.
मागे तिची आई रात्रपाळीची झोप झोपलेली.
सकाळी नाव सांगितलं तेव्हा कळलं :
कर्मचारी क्रमांक चारशे सतरा.
हिचा ओव्हरटाइम मी नऊ वर्षं मांडला,
चेहरा आज पाहिला.

जॅकेट दोघींच्या मध्ये, सीटवर,
कुणाच्याच अंगावर नाही.
पुलावर टोलचे सुटे मोजून दिले.
बरोबर होते. बहुधा.