परत आलेले शिक्के

शिक्के टपालानं येतात.
कुणाचा बुडबुड्यांच्या प्लास्टिकात, कुणाचा मोज्यात गुंडाळून,
एक तर कॉफीच्या डब्यात आला होता, तळाशी पूड तशीच.
माझं काम सोपं आहे. रजिस्टर उघडायचं,
क्रमांक ताडायचा, कारणाच्या रकान्यात एक शब्द:
निवृत्त, मयत किंवा निलंबित.
मग मागच्या खोलीत कात्रीनं रबराचे दोन तुकडे.

रेजायनात जानेवारीत उणे एकतीस असतं,
टपालातून आलेलं रबर दगड झालेलं असतं.
म्हणून आधी हीटरवर ठेवते, आणि तेवढ्या वेळात वाचते.
वाचायला असतं काय? एक नाव, तेही उलटं.
कुठल्यातरी कागदावर टेकल्याशिवाय
ते सुलट होत नाही.

ग्रँट पेटलीचा शिक्का झिजून गुळगुळीत होता,
आडनावातली दोन अक्षरं तर गेलीच होती.
सुनावणीत म्हणाला, आराखडे ढीगभर, माणसं कमी,
सगळेच न बघता मारतात.
हॉकीच्या रिंकचं छत रात्री तीनला बसलं, बर्फाच्या भारानं.
आत कुणी नव्हतं.
‘कुणी नव्हतं,’ तो पुन्हा म्हणाला,
जणू तेही त्याच्याच आकडेमोडीत धरलं होतं.
समितीतल्या बाईंनी एवढंच विचारलं,
सकाळी सहाला तिथे कोण असतं?
त्यानं पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सरकवला.

ऑर्व्हल ह्रिनचुकचा मात्र
एकेचाळीस वर्षांनंतरही अक्षर न् अक्षर धारदार.
रस्त्याखालच्या मोऱ्या, धान्याची कोठारं, दोन छोटे पूल,
बस्स, एवढंच त्याचं राज्य.
सोबत त्याच्या बायकोचं, लिओनाचं पत्र, निळ्या पेनानं:
‘हा कपाटात असायचा, किल्ली त्याच्याजवळ.
एकदा तो उघडा राहिला आणि आमच्या सातवर्षांच्या मुलीनं
शाळेसाठी काढलेल्या पुलावर तो उमटवला.
मला वाटलं, आता ओरडणार.
तो जेवला, टेबल पुसलं, पट्टी घेतली
आणि त्या पुलाचं गणित मांडत बसला.
पूल उभा राहत नव्हता.
मध्यरात्री पेन्सिलीनं त्यानं मधे एक खांब घातला,
नदीतल्या माशाला जरा वळसा पडला,
मग शिक्क्याखाली सही केली, तारीख घातली.
शिक्का पाठवते आहे. चित्र माझ्याजवळ ठेवलं तर
नियमात बसेल का?’

मी नियम काढून पाहिले. खरंच पाहिले.
मग मंडळाच्या कागदावर उत्तर टाइप केलं:
शिक्का नष्ट करण्यात येत आहे.
शिक्का उमटलेला आराखडा मात्र
जपून ठेवणं बंधनकारक आहे.

कात्री चालवताना आवाज होत नाही.
त्या दिवशी का कोण जाणे, मला तो हवा होता.

दुपारी तेस्फालेम आला, नवा शिक्का न्यायला.
टपालानं पाठवतो आम्ही, पण त्याला थांबवेना.
अंगावर पालिकेचं केशरी जाकीट,
पहाटे चारपासून बर्फ ढकलून आलेला.
तिकडे अस्माराच्या घाटात त्यानं रस्ते वळवले होते,
इथे सहा वर्षं, चार परीक्षा,
आणि पत्राला उत्तर न देणारं एक विद्यापीठ.
त्याची फाइल कितीदा परत पाठवली,
खाली माझीच आद्याक्षरं.
अपुरी. अपुरी. प्रमाणित प्रत जोडा.
तो ते बोलला नाही. मीही नाही.

त्यानं हातमोजे काढले, खोकं उघडलं,
उलट्या अक्षरांवरून अंगठा फिरवला,
आंधळा चेहरा चाचपतो तसा.
मी शाईची गादी पुढे केली, कोरा कागद ठेवला,
म्हटलं, बघ ना मारून, नीट उमटतोय का.

त्यानं हात मागे घेतला.
‘कोऱ्यावर नको,’ म्हणाला.