बत्तीस अक्षरं

ल्युडरित्झच्या धक्क्यावर, हेक मासळीच्या शीतगृहात,
तीन नंबरच्या कॉम्प्रेसरसाठी मी संदेश लिहितेय.
एका ओळीत बत्तीस अक्षरं मावतात,
मधली रिकामी जागाही त्यातच धरायची.

आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय: 'अलार्म ४१७ सक्रिय'.
चारशे सतरा म्हणजे काय, ते वहीत आहे.
वही कपाटात. किल्ली दिवसपाळीकडे.
रात्री नुसती बोंब,
आग कुठे ते विचारायचं नाही.

सॉफ्टवेअर म्हणतं, प्रत्येक अवस्थेला तिचं वाक्य दे.
ठीक.
जास्त.
फार जास्त.
तार तुटलेला संवेदक शून्य दाखवतो
आणि शून्य हिरवं दिसतं, म्हणून तिथे लिहिलं:
'मला दिसत नाही. स्वतः जा.'

राहिली शेवटची, जिचा रकाना सगळे कोरा सोडतात:
येऊन गेला, कोणी पाहिला नाही.

त्या रात्री दोन पन्नासला अमोनिया चढला
आणि सात मिनिटांत आपसूक उतरला;
संवेदक पंख्याच्या झोतात होता,
वायू मागच्या कोपऱ्यात दबा धरून.
ओळ लाल झाली, मग पुसली गेली.
तसंच ठरवलेलं होतं: बरं झालं की विसरायचं.
फेस्टस शिकोंगो चहा घेऊन परतला तेव्हा
पडदा हिरवागार.
तीनच्या फेरीला त्याने दार उघडलं.

आता त्याला कॉफीचा वास येत नाही,
समुद्राचाही.

रविवारी यादी घेऊन त्याच्या घरी गेले.
चाळीस संदेश, एकेक वाचून दाखवत होते.
'धोका' तिसऱ्यांदा आला तसा त्याने हात वर केला.
"धोका आहे ते मला कळतं गं.
पाय कुठे ठेवू ते सांग."

म्हणून चारशे सतरा:
'वारा बघ. मग दार. एकटा जाऊ नकोस.'
सात जागा उरल्या.
तिथे काही भरलं नाही.
आणि खालच्या चौकोनात खूण केली,
कोणी पाहीपर्यंत ही ओळ जाणार नाही.

आज पहाटे खोटी पातळी चढवली,
टुहाफेनीला न सांगता. नोकरीला वीस दिवस झालेत त्याला.
भोंगा वाजला. हात सवयीने बटणाकडे गेला,
आवाज बंद करायला,
मधेच थांबला.
ओठ हलले त्याचे.
मग उठून खिडकीशी गेला,
बाहीने काच पुसली
आणि छपरावरचा केशरी कापडी मोजा शोधू लागला,
कुठल्या बाजूला फुगलाय तो.

धुकं फार होतं.
त्याने मला हाक मारली.