वरची सुई

मार्केट यार्डात हळदीचा सौदा उठला की
जिनगोंडाअण्णा चौगुले गाळ्याच्या पायरीवर बसून विचारायचे,
"लतीफ, खरं सांग बघू, ह्यातला भरवशाचा कुठला?"

आत टेबलावर तीन प्रिंटर.
म्हणजे दोनच. तिसरा अजून खोक्यात,
सुदर्शननं पुण्याहून आणलेला.

मी म्हणायचो, अण्णा, शाईवाल्याला रोज बोलतं ठेवावं लागतं.
दिवाळीला चार दिवस कुलूप लावून गेलात
की याची तोंडं वाळलीच.
निळा येतो, काळा येत नाही,
आणि डबीची किंमत ऐकून तुम्हीच गप्प.

लेझर शहाणा. आवाज नाही, पान गरम, अक्षर कोरीव.
पण हळदीची धूळ पोटात गेली
की मागच्या गिऱ्हाइकाचं नाव
पुढच्याच्या पावतीवर फिकट उमटतं.
हिशेबाच्या धंद्यात हे बरं नव्हे.

राहिला हा थोरला.
करकरतो. कुणाचं बिल निघालं ते चार गाळ्यांना कळतं.
नऊ सुया, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या कागदात एकदम घुसणाऱ्या.
रिबन संपत आली की अक्षर आधी करडं,
मग राखेसारखं,
महिनाभर सांगत राहतं, बाबा मी चाललो.
भरवसा म्हणजे आणखी काय, अण्णा?
थांबायच्या आधी सांगणं.

पूर ओसरल्यावर
आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवला त्याला.
दात घासायच्या ब्रशनं गाळ काढला, पिवळा गाळ.
चालू झाला.
फक्त नऊतली वरची सुई उठेना.
त्या दिवसापासून चौगुल्यांच्या पावतीवर शिरोरेखा नाही.
दोरी काढून घेतली
आणि कपडे तसेच हवेत राहिले, तशी अक्षरं.
"हेड बदलू?"
"वाचता येतंय न्हवं?"

येत होतं.
पोती, वजन, हमाली, तोलाई,
पाच वर्षं कुणाची तक्रार नाही.
बँकेतल्या नव्या पोरीनं एकदा विचारलं तेवढंच,
काका, ही कुठली लिपी?

अण्णा गेले ते ऐन हंगामात,
सोमवारी, अर्धा चहा बशीत ठेवून.
आधी काही करडं झालं नाही.
मी तरी पाहिलं नाही.

पंधरवड्यानं सुदर्शन प्रिंटर आणून टाकून गेला.
"सुटे भाग काढा, नाहीतर भंगारात घाला."
झाकण उघडलं.
रोलरखाली कागद अडकलेला, पिवळा, तिसरी प्रत.
चिमट्यानं ओढला, थोडा फाटला.
लतीफ मुल्ला. दुरुस्ती. बाकी रुपये तीनशे चाळीस.
रेघेशिवाय माझं नाव
पहिल्यांदाच बघत होतो.

पैसे काही मागितले नाहीत.
मिरजेत एकाकडे जुनं हेड आहे, नऊच्या नऊ सुया धड.
आणायला जातो, जातो म्हणतो.
जात नाही.