शनिवारची मनुका

शनिवारी रात्री सुलोचनाबाई वायदंडे
काळी मनुका भिजत घालतात.
तासगावच्या शेडवर निवडायला जातात ना, तिथली.
"मालकाला विचारून आणलीय,"
दरवेळी सांगतात, कुणी विचारलेलं नसताना.

सकाळी फडक्यातून गाळतात.
औषधाच्या मापाएवढे पेले : छत्तीस.
मिरजेची आमची मंडळी : यंदा सत्तावीस.
तरी सगळेच भरायचे का,
यावर पंचांच्या सभेत एकदा आवाज चढले.
इतिवृत्तात एवढंच : विषय पुढे ढकलला.

भरतात त्या सगळेच.

उपासना संपली की पाळकसाहेब स्कूटर काढतात,
मागे मी, मांडीवर डबा, डब्यात नऊ पेले,
खड्डा आला की दोघांचाही श्वास थांबतो.
दवाखान्यात चार. स्टेशनमागच्या चाळीत तीन.
एक कुणाचा, ते मी सांगणार नाही;
तो मंडळीत येत नाही, पण दार उघडतो.

शेवटचा याकोब मास्तरांचा.
शब्बाथशाळेत ज्यांनी मला प्रभूची प्रार्थना शिकवली
ते आता 'आमच्या बापा'च्या पुढे जात नाहीत.
ओठ पुसले. बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले,
"यंदा गोडी कमी उतरलीय."

सुलोचनाबाईंना सांगितलं.
पेले विसळता विसळता म्हणाल्या,
"बरोबर आहे त्यांचं."