पुलावरून

मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी साडेसात,
नारायण पेठेत, चष्म्यांच्या दुकानाच्या वर
माझा वर्ग भरतो. अकरा खुर्च्या, नऊ माणसं,
आणि फळ्यावर उमटायला कुरकुरणारा खडू.

आज हालचालीची अव्ययं.
मी सांगते, आपण आधी ठिकाणाचं नाव घेतो
आणि मग त्याच्या शेपटाला दिशा बांधतो.
नदीकडे. बोळातून. शाळेपर्यंत.
इंग्रजीत उलटं. पाऊल उचलायच्या आधी
ठरवून टाकायचं कसं जाणार.
कुठे, ते मागाहून.

"म्हणजे आमच्या धंद्याच्या उलटं," रिक्षावाले ढमाले म्हणतात.
"आम्ही आधी विचारतो कुठं,
मग ठरवतो जायचं का नाही."

थ्रूसाठी मी कात्रजचा बोगदा काढते.
अलाँगसाठी कालव्याच्या कडेची पायवाट.
पास्ट सगळ्यांना लगेच कळतं:
ओळखीचं माणूस दिसलं तरी न थांबता पुढे.
टुवर्ड्सपाशी वर्ग अडतो.
तोंड तिकडे आहे, मी म्हणते,
पोचायची हमी नाही.

"मग आमची बस कायम टुवर्ड्सच,"
कोंढरेबाई म्हणतात, आणि सगळे हसतात.
बाई कंडक्टर आहेत, एकोणीस वर्षं.
त्यांच्या तिकिटावर दोनच शब्द चालतात,
पासून आणि पर्यंत.
मधलं कुणी विचारत नाही.

मग पाच वाक्यं, प्रत्येकाने आपापली.
मी खुर्च्यांमधून फिरते.
कोंढरेबाईंची चार ठीक. पाचवं, निळ्या शाईत, गोल अक्षरात:
माय ब्रदर वेंट फ्रॉम द ब्रिज.

फ्रॉम नाही, मी म्हटलं, आणि लाल पेन उघडलं.
या टोकाकडून त्या टोकाला गेला, तर अक्रॉस.
ओव्हरही चालेल.
आणि जर
तिसरं अव्यय जिभेवर आलं
आणि तिथेच राहिलं.
पेन कागदावर टेकलेलं होतं,
लाल ठिपका फुगत गेला.

"संगम पुलावरून गेला, एवढंच म्हणतो आम्ही घरी,"
बाई वहीकडे बघत म्हणाल्या. आवाज तिकिटं विचारताना असतो तसा.
"चौदा वर्षं झाली.
सायकल कठड्याला टेकवलेली होती. कुलूप लावून.
आई म्हणते, कुलूप लावलं म्हणजे
परत यायचं होतं त्याला.
वरून म्हटलं की भागतं, मॅडम.
यातलं नक्की कुठलं लिहू?"

मी बावीस वर्षं शिकवते आहे.
वरून हा शब्द किती वेळा फळ्यावर लिहिला असेन,
समोर तीन-तीन इंग्रजी पर्याय, बाण काढून, रंगीत खडूने.
त्या तीन अक्षरांत एखादी आई
चौदा वर्षं राहू शकते,
हे माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

मागून ढमाल्यांनी विचारलं,
"मॅडम, रीचनंतर टू येतं का?"
नाही, मी म्हटलं. बरं झालं विचारलंत.
पोचल्यावर काही लागत नाही.
फळ्यावर लिहिलं.
सगळ्यांनी उतरवून घेतलं,
कोंढरेबाईंनीही, खाली रेघ मारून.

नऊला जिना वाजला. खाली चष्म्यांचं शटर.
वह्या तपासायला माझ्याकडे.
रात्री गॅसवर दूध ठेवून तपासत बसले.
बाईंच्या चार वाक्यांना चार बरोबरच्या खुणा.
पाचव्याला गुण दिला नाही, कापलाही नाही.
ठिपका वाळून तपकिरी झाला होता.
दूध उतू गेलं.

शुक्रवारी जागेची अव्ययं.
इन, ऑन, ॲट.
जी माणसं कुठेतरी आहेत, त्यांची.