ठराव तिसरा

इशाची नमाज झाली, चपला दाराशी सुटल्या
आणि सबल्यात गावची समिती बसली.
सबला म्हणजे आपली चावडीच,
फक्त गालिचा मऊ आणि एसी इतका गार
की म्हाताऱ्या मरहूननं शाल डोक्यावरून घेतली होती.

मी कहव्याची दल्ला डाव्या हातात धरून उभा.
अब्बास होडेकर, मुक्काम दाभोळ.
एकोणीस वर्षं इथं जाळी सांधतो,
बैठक असली की कहवा ओततो.
बाप माझा ग्रामपंचायतीत शिपाई होता;
सूचक कोण, अनुमोदक कोण,
आणि न वाचता सही कोण करतो,
हे मला कुठल्याही भाषेत कळतं.

ठराव पहिला: जाळ्याचा डोळा दोन बोटांहून बारीक नको.
खल्फान म्हणाला, बोटं कुणाची?
त्याची स्वतःची केळ्यांसारखी.
नगरपालिकेहून आलेली बद्रिया म्हणाली, सेंटिमीटरमध्ये लिहा.
मरहून म्हणाला, समुद्रात सेंटिमीटर कोण घेऊन जातो, बाई?
पाऊण तास गेला. सुरमईची पिल्लं तेवढ्यात
दोन बोटं वाढली असतील.
शेवटी मला म्हणाले, हात पुढे कर,
तू कुणाच्याच घरातला नाहीस.
मी बोटं कागदावर टेकवली,
बद्रियानं भोवती पेन्सिल फिरवली.
मंजूर.

दुसरा: वाळूवर गाड्या फिरवणाऱ्या पोरांना वीस रियाल दंड.
एकमत. मग कुणीतरी विचारलं, वसूल कोण करणार?
आणि सगळे खजूर निवडू लागले.
पोरं त्यांचीच.
नासिरचा धाकटा तर आत्ताही बाहेर गाडी गुरगुरवत होता;
ऐकलं सगळ्यांनी, ऐकू कुणालाच आलं नाही.
पुढच्या बैठकीवर.

तिसरा नासिरनं मांडला, आवाज खाली आणून,
आजाऱ्याच्या खोलीत आणतात तसा.
रात्री दहानंतर बाहेरच्या माणसांनी किनाऱ्यावर थांबू नये.
बाहेरच्या म्हणजे? बद्रियानं विचारलं.
नासिरनं माझ्याकडं बघितलं नाही.
इतकं नीट बघितलं नाही
की सगळ्यांना दिसलं.

मी ओतत राहिलो. फिंजान हलवला की समजायचं, पुरे.
सालिमनं हलवला, हमदाननं हलवला.
कळेना, मतं पडतायत
की तहान भागलीय.

रात्री किनाऱ्यावर असतं कोण? चितगावचा रफीकुल आणि त्याचा मेव्हणा.
खोलीत रेंज नाही, म्हणून होडीला पाठ लावून घरी बोलतात.
आणि मी. एखाद्या भरतीला इथं
दाभोळच्या खाडीचा वास येतो.
कधी येईल सांगता येत नाही,
म्हणून रोज जावं लागतं.

मरहून एवढंच म्हणाला, पहाटे तीनला होड्या कोण लोटणार?
तेव्हा पोटकलम निघालं: तीननंतर मुभा.

मग पुन्हा तोच प्रश्न. लक्ष कोण ठेवणार?
सालिमला मधुमेह, हमदानची पाळी सोहारला.
रात्रभर जागा असतो असा, नासिर म्हणाला,
या गावात एकच माणूस आहे.
आता मात्र त्यानं बघितलं.

हिरव्या पुठ्ठ्याची वही मिळाली, टॉर्च मिळाली,
महिना पंधरा रियाल.
सूचक नासिर. अनुमोदकाचं नाव
एसीच्या आवाजात गेलं.

त्याच रात्री, साडेअकरा.
टॉर्च पाहून रफीकुलनं फोन छातीशी लपवला.
म्हटलं, बोल रे.
मुलीला पहिला दात आला म्हणे.
मी शेजारी वाळूत बसलो,
वही उजवीकडून उघडली,
तारीख घातली, वेळ घातली.
शेरा: किनाऱ्यावर कोणी आढळले नाही.
खाली सही केली, पूर्ण नाव.
मग दोन बोटं वाळूत रोवून पाहिलं,
ओल कुठवर आलीय.